पारव्याची वाट बघणारं गाव

मुलांनो, रताळं तुम्ही कधी खाता? बहुतेकांचं उत्तर ठरलेलं असणार : आषाढी एकादशीला आणि महाशिवरात्रीला. उकडून, नाहीतर तुपात परतून वर गूळ घातलेल्या चकत्या. बाकी वर्षभर रताळ्याची कुणाला आठवणही होत नाही. आता समजा, आईनं जाहीर केलं की आजपासून सकाळी रताळं, शाळेच्या डब्यात रताळं आणि रात्रीही रताळंच. उद्या तेच आणि परवाही तेच. झालं ना तोंड वाकडं?

आज आपल्याला जायचंय ते रताळ्यांच्याच मुलखात. तिथं रताळ्याला म्हणतात 'काउकाउ'. नाव मजेदार आहे, पण त्याच्यावर लाखो माणसांचं पोट चालतं.

नकाशा काढा बरं. ऑस्ट्रेलिया सापडला? त्याच्या उत्तरेला, अगदी डोक्यावर, शेपूट पसरून बसलेल्या पक्ष्यासारखं एक बेट दिसेल. हे न्यू गिनी. ग्रीनलंडच्या खालोखाल जगातलं सर्वांत मोठं बेट. त्याच्या मधोमध उभी रेघ आहे बघा. रेघेच्या पश्चिमेचा भाग इंडोनेशियाचा. पूर्वेचा भाग म्हणजे पापुआ न्यू गिनी हा देश. १६ सप्टेंबर १९७५ रोजी तो स्वतंत्र झाला. या बेटाला पाठीच्या कण्यासारखी एक प्रचंड डोंगररांग आहे. पापुआ न्यू गिनीतलं तिचं सर्वांत उंच शिखर विल्हेल्म ४५०९ मीटर, म्हणजे आपली कळसूबाई एकावर एक पावणेतीन वेळा ठेवली तर होईल तेवढं!

या डोंगरांच्या कुशीत समुद्रसपाटीपासून दीड-दोन हजार मीटर उंचीवर हिरवीगार खोरी आहेत. विषुववृत्त जवळ, म्हणून तुम्हाला वाटेल नुसता घाम. पण इतक्या उंचीवर रात्री चांगलीच थंडी पडते. त्या थंडीचा एक फायदाही आहे. खालच्या किनारपट्टीवर डास आणि मलेरिया यांनी माणसं हैराण होतात, वर डास फारसे टिकत नाहीत. म्हणूनच या दुर्गम खोऱ्यांत माणसांची वस्ती दाट आहे. देशातली दर दहातली चार माणसं या उंचावरच्या मुलखात राहतात.

घरं बुटकी, गवतानं शाकारलेली, कुडाच्या भिंतींची. खिडक्या बहुधा नसतातच. मधोमध शेकोटी. तिच्यातच काउकाउ भाजायचे, तिच्याभोवतीच झोपायचं. धूर गवतातून हळूहळू बाहेर झिरपतो. त्यामुळे छपराला कीड लागत नाही, ऊब राहते. पण तोच धूर रात्रभर लहानग्यांच्या छातीत जातो. खोकला, न्यूमोनिया हे तिथल्या बाळांचे मोठे शत्रू. एका गोष्टीत सोय आणि घात दोन्ही कसे असतात बघा.

मुलांचा दिवस उजाडतो तोच कामानं. डुकरांना सोडायचं, सरपण आणायचं, पाणी भरायचं. मुलींच्या कपाळावरून पाठीवर लोंबणारी जाळीदार पिशवी दिसते, तिला 'बिलुम' म्हणतात. झाडाच्या सालीचे तंतू मांडीवर वळून दोरा करतात आणि त्याच्या फासातून फास काढत ही पिशवी विणतात. आता रंगीत लोकरीच्या आणि नायलॉनच्याही होतात. बिलुममध्ये काउकाउ, बिलुममध्ये सरपण, बिलुममध्ये डुकराचं पिल्लू आणि बिलुममध्येच बाळसुद्धा! आपल्याकडे शेतावर झाडाला झोळी बांधून त्यात तान्हं मूल निजवतात ना, तसंच. फरक इतकाच, की ही झोळी आईबरोबर डोंगर चढते.

आता जरा थांबून एक गोष्ट सांगायची आहे. या लोकांबद्दल लिहिताना अजूनही कुणी कुणी 'अश्मयुगात राहणारी माणसं' असं लिहून मोकळं होतं. सोबत पिसांचा मुकुट घातलेल्या, तोंड रंगवलेल्या माणसाचा फोटो. फोटो खरा असतो, पण तो सणाचा असतो. आपला दहीहंडीचा फोटो छापून 'भारतातली माणसं एकमेकांच्या खांद्यावर राहतात' असं कुणी लिहिलं तर कसं वाटेल? तस्संच आहे हे.

ही माणसं खरी कोण आहेत, ते पाहायला माउंट हेगन या गावाजवळ 'कुक' नावाची दलदलीची जागा आहे तिथं जायला हवं. १९७० च्या दशकात जॅक गोल्सन या पुरातत्त्वज्ञानं तिथं खणायला सुरुवात केली. जमिनीखाली काय सापडलं असेल? सोनं नव्हे, चर! पाणी काढून दलदल लागवडीखाली आणण्यासाठी माणसांनी खणलेले जुने चर, एकाखाली एक. अभ्यासाअंती कळलं, की इथं निदान ७००० वर्षं, कदाचित १०,००० वर्षं शेती चालू आहे. म्हणजे जगात ज्या मोजक्या ठिकाणी माणूस स्वतःच्या डोक्यानं शेती करायला शिकला, त्यांतलं हे एक. २००८ मध्ये युनेस्कोनं कुकला जागतिक वारशाचा मान दिला.

आणि तिथं काय पिकवायचे म्हणता? अळू! हो, आपल्या अळूवडीचं अळू. तिथं त्याचे कंद खातात. केळीही लावायचे. शिवाय आणखी एक पीक आहे, ते वाचून कोल्हापूर-सांगलीच्या दोस्तांनी कान टवकारावेत. ज्या जाड, रसाळ उसापासून आजचे ऊस आले, तो माणसानं पहिल्यांदा लावला तो याच न्यू गिनी बेटावर, असं शास्त्रज्ञ मानतात. तिथून बोटींतून, माणसांच्या हातांतून तो जगभर गेला. पुढे कोइमतूरच्या संशोधन केंद्रात त्याचा आपल्या रानटी उसाशी संकर झाला आणि नव्या जाती तयार झाल्या. तुमच्या शिवारात '८६०३२' उभा असेल, तर त्याच्या खापरपणजोबांचं गाव म्हणजे न्यू गिनी. पुढच्या वेळी रसवंतीत गेलात, की घुंगरांच्या आवाजात हे आठवा.

मग रताळं कुठून आलं? ते मूळचं दक्षिण अमेरिकेचं. तीन-चारशे वर्षांपूर्वी केव्हातरी ते या डोंगरांत पोचलं. अळूपेक्षा ते जास्त उंचावर, जास्त थंडीत येतं, डुकरंही आवडीनं खातात. बघता बघता सगळा मुलूख त्यानं जिंकला. काउकाउचा एक धोका मात्र कायम आहे. कडाक्याचं दहिवर पडलं, की वेल एका रात्रीत काळा पडतो.

त्यावर एन्गा नावाच्या प्रांतातल्या शेतकऱ्यांनी काढलेली युक्ती मला फार आवडते. ते सपाट वाफ्यात लावतच नाहीत. तीन-चार मीटर रुंदीचा गोल ढिगारा करतात. आत जुने वेल, गवत, पालापाचोळा भरतात, वरून माती ओढतात आणि माथ्यावर वेल लावतात. आतला पाला कुजतो, त्यानं खत मिळतं आणि थोडी ऊबही. शिवाय थंड हवा जड असते, हे तुम्ही शाळेत शिकला आहात. ती ढिगाऱ्यावरून घरंगळून खालच्या चरात उतरते आणि वरचा वेल वाचतो. हे त्यांना कुणा पुस्तकानं शिकवलेलं नाही, पिढ्यान् पिढ्या शेतात उभं राहून त्यांनी ते शोधलं.

पण निसर्ग कधी कधी सगळ्या युक्त्यांवर मात करतो. १९९७ मध्ये आणि पुन्हा २०१५ मध्ये एल् निनोमुळे आधी अवर्षण झालं, आकाश निरभ्र राहिलं आणि रात्री गोठवणारी थंडी पडली. उंचावरच्या गावांत डोंगरच्या डोंगर करपले. इतक्या थंडीत नवं पीक हाताशी यायला वर्षभरही लागतं. तोवर खायचं काय? जुना उपाय असा, की कमी उंचीवरच्या खोऱ्यातल्या नातलगांकडे चालत जायचं आणि सुगी येईपर्यंत तिथं राहायचं. त्यांना वाईट दिवस आले, की त्यांनी वर यायचं. नुसतं हवापाणी सांभाळून भागत नाही, नाती सांभाळावी लागतात. १९९७ मध्ये तेही पुरलं नाही. ऑस्ट्रेलियाच्या सैन्यानं विमानांनी आणि हेलिकॉप्टरांनी दुर्गम गावांत धान्य पोचवलं.

विमानंच का, ट्रक का नाही? इथं या गावांच्या दुखऱ्या नसेवर आपलं बोट पडतं. मोठ्या खोऱ्यांत किनाऱ्यावरच्या लाए बंदरापासून आलेला एक महामार्ग आहे. पण कित्येक खोरी त्याच्यापासून फार दूर आहेत. राजधानी पोर्ट मोर्स्बीपासून तर या डोंगराळ मुलखापर्यंत सलग गाडीरस्ताच नाही. मुंबईहून नाशिकला जायला रस्ता नाही, विमानच हवं, अशी कल्पना करा!

बाहेरच्या जगाला १९३० पर्यंत या खोऱ्यांत कुणी राहतं हेच ठाऊक नव्हतं. मधल्या भागात नुसते ओसाड डोंगर आहेत, असं समजत. १९३३ मध्ये सोन्याच्या शोधात निघालेले लेही बंधू आणि जिम टेलर हा सरकारी अधिकारी यांनी विमानातून वाघी नदीचं खोरं पाहिलं. खाली चौकोनी आखीव शेतं आणि घरंच घरं! या डोंगरांत मिळून दहा लाखांच्या आसपास माणसं राहत होती. आणि त्या माणसांनी काय पाहिलं? त्यांच्याकडे बैलगाडी नव्हती, चाकच नव्हतं. त्यामुळे कित्येकांनी आयुष्यात चाक पाहण्याआधी विमान पाहिलं. गोरी माणसं म्हणजे मेलेले पूर्वज परत आलेत, असं अनेकांना वाटलं. हा समज फार दिवस टिकला नाही. पूर्वजांनाही भूक लागते आणि त्यांनाही झाडाआड जावं लागतं, हे लवकरच लक्षात आलं!

या पाहुण्यांनी विमानांतून आणखी काय आणलं? शिंपले. समुद्रापासून दूर राहणाऱ्या या लोकांना मोत्याच्या शिंपल्याचं मोल फार. हातोहाती व्यापारातून एखादा शिंपला वर पोचायचा, लग्नात, तंट्याच्या समेटात दिला जायचा. विमानांनी तो पोत्यांनी ओतला आणि व्हायचं तेच झालं, शिंपल्याचा भाव कोसळला. महागाई म्हणजे काय ते आई-बाबांना विचारा, मग ही गोष्ट नीट कळेल. त्या शिंपल्याचं नाव 'किना'. आज देशाच्या चलनाचं नावही किनाच, आणि एक किनाच्या नाण्याला मधोमध भोक असतं.

देशात ८०० हून जास्त भाषा आहेत. एका खोऱ्यातला माणूस शेजारच्या खोऱ्यातल्या माणसाशी बोलतो ते 'टोक पिसिन' या सामाईक भाषेत. या भाषेत विमानाला म्हणतात 'बालुस', म्हणजे मुळात पारवा. आणि विमान उतरायच्या जागेला 'प्लेस बालुस', पारव्याची जागा!

ही पारव्याची जागा म्हणजे सांताक्रूझचा विमानतळ नव्हे हं. डोंगराच्या उतारावरचं गवताचं एक पट्टं. अनेक ठिकाणी गावकऱ्यांनीच ते फावड्यांनी आणि काठ्यांनी माती हलवून, वर्षानुवर्षं खपून तयार केलंय. विमान उतरतं ते चढाच्या दिशेनं, म्हणजे लवकर थांबतं. उडतं ते उताराच्या दिशेनं, म्हणजे लवकर वेग येतो. दुपारी ढग खोऱ्यात उतरतात, म्हणून सकाळीच काय ते उरकायचं. गवत वाढलं तर विमान येणार नाही, म्हणून सगळं गाव कोयते घेऊन गवत कापतं. विमान यायच्या वेळी डुकरं हाकलायची जबाबदारी अर्थातच पोरांची. सामानाबरोबर माणसाचंही वजन करतात. छोट्या विमानाला किलोकिलोचा हिशेब असतो.

त्या विमानातून येतं मीठ, साबण, तेल, पत्रे, वह्या, औषधं. प्रत्येक किलोला भाडं पडतं, त्यामुळे शहरातला साधा साबण इथं येईपर्यंत महाग होतो. उलट शेतकऱ्याची कॉफी, भाजी खाली न्यायची तर भाड्यातच पैसे संपतात. माल आहे, मेहनत आहे, पण बाजार नाही.

आणि त्यातूनच येतात शिक्षक. दुर्गम शाळांची रडकथा अशी, की नाताळच्या सुट्टीत शिक्षक शहरात गेले, पगाराची कामं अडकली, परतीच्या विमानात जागा मिळाली नाही, की शाळा उघडतच नाही. फेब्रुवारी जातो, मार्च जातो. मुलं रोज दोन-दोन तास चालत येतात, दाराला कुलूप बघतात आणि परत जातात. सुट्टी मिळाली म्हणून पहिले दोन दिवस तुम्हीही खूष व्हाल. पण वर्ष गेलं तर?

आजारपणाचं तर विचारूच नका. टोक पिसिनमध्ये दवाखान्याला 'हाउस सिक' म्हणतात. गावात असलंच तर एक छोटं औषध-केंद्र असतं, कधी तिथं औषध संपलेलं, कधी कर्मचारीच नसतो. बाळंतपणात अडलेल्या बाईला काठ्यांची डोली करून डोंगर ओलांडत धावपट्टीपर्यंत न्यावं लागतं आणि मग आकाशाकडे बघत बसायचं, ढग फाटतात का. आपल्याकडे भामरागड, मेळघाट, पेठ-सुरगाण्याच्या वाड्यांवर पावसाळ्यात काय होतं ते ज्यांना माहीत आहे, त्यांना हे चित्र परकं वाटणार नाही.

लसीचं उदाहरण घ्या. लस थंड ठेवावी लागते, म्हणजे बर्फाची पेटी खांद्यावर घेऊन दिवसभर डोंगर तुडवायचे. पापुआ न्यू गिनी २००० साली पोलिओमुक्त जाहीर झाला होता. पण पुष्कळ मुलांपर्यंत लस पोचत नव्हती आणि २०१८ मध्ये पोलिओ परत आला. उंचावरच्या प्रांतांतही मुलांना लागण झाली. आपला देश २०१४ मध्ये पोलिओमुक्त ठरला, तो रविवारच्या बूथवर आणि घरोघरी 'दो बूंद' पाजणाऱ्या ताईंमुळे. ज्या गावाला पायवाटच आहे, तिथं त्या ताईंना किती चालावं लागत असेल, याचा हिशेब करून बघा.

हिशेबावरून आठवलं. गंमतीची गोष्ट शेवटी ठेवली होती, ती आता काढतो.

पश्चिमेकडच्या डोंगरांत ओक्सापमिन नावाचे लोक राहतात. तुम्ही बोटांवर दहापर्यंत मोजता, ते अंगावर सत्तावीसपर्यंत मोजतात! उभे राहा आणि करून बघा. एका हाताचा अंगठा १, मग चार बोटं २ ते ५, मनगट ६, कोपराखालचा हात ७, कोपर ८, दंड ९, खांदा १०, मानेची बाजू ११, कान १२, डोळा १३. आता आलं नाक, ते १४. तिथून पलीकडे उतरायचं : डोळा १५, कान १६, मान १७, खांदा १८, दंड १९, कोपर २०, खालचा हात २१, मनगट २२, अंगठा २३ आणि करंगळीवर २७ पूर्ण. तिथं मूठ उंचावून 'फू!' असं ओरडायचं. डाव्या-उजव्या अवयवाला नाव एकच, दुसऱ्या बाजूच्या नावाला फक्त 'पलीकडचा' अशा अर्थाची जोड.

१९७८ मध्ये जेफ्री सॅक्स हा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ हे बघायला तिथं गेला. त्याला काय दिसलं? पूर्वी वीस शिलिंगांचा एक पौंड असायचा, तर लोकांनी मोजणी पलीकडच्या कोपरावर, म्हणजे विसावर थांबवून पुन्हा अंगठ्यापासून सुरू केली होती. नवं चलन आलं, दुकानं आली, तशा दुकानदारांनी अंगावरच बेरीज-वजाबाकी करायच्या नव्या रीती काढल्या. शाळेत इंग्रजी आकडे शिकवत, तरी मुलं गणितं सोडवायला आपलं नाक-कान वापरत. आता सांगा, याला मागासलेपण म्हणायचं?

शाळेच्या भाषेवरून तिथं बरीच ओढाताण झाली आहे. १९९३ च्या सुधारणेनंतर पहिली काही वर्षं मुलांना त्यांच्याच भाषेत शिकवायचं ठरलं आणि ४०० हून जास्त भाषांतून वर्ग सुरू झाले. जगात असं कुठं झालं नव्हतं. पण पुस्तकं कमी, शिकवणारे कमी. आई-वडिलांना वाटे, इंग्रजी आलं नाही तर नोकरी कशी मिळणार? २०१३ च्या सुमारास सरकारनं पुन्हा सुरुवातीपासून इंग्रजीचं धोरण घेतलं. हा वाद तुमच्या घरीही ऐकला असेल. मला विचाराल तर, इंग्रजी जरूर शिकावं, पण ज्या भाषेत नाकाला चौदा म्हणतात ती शाळेच्या दाराबाहेर ठेवली, तर गणितातली एक सुंदर गोष्ट तिथंच राहून जाते.

बरं, आता कोडं. कागद-पेन्सिल अजिबात घ्यायची नाही, फक्त अंग वापरायचं.

ओक्सापमिनच्या एका आजीनं बिलुममधले काउकाउ मोजले, ते नाकापर्यंत आले. नातीनं शेतातून अलीकडच्या मनगटाएवढे आणखी आणले. त्यांतले अलीकडच्या कोपराएवढे डुकरांना घातले. आता उरले किती? आणि ते अंगावर कुठं येतात?

उत्तर खाली आहे, पण आधी मोजा!

उत्तर : अलीकडचा कान, म्हणजे १२. ज्यांचं उत्तर पलीकडच्या कोपरावर अडकलं, ते डुकरांना खायला घालायचं विसरले.